सरकणारा आकडा

१

मंगळुरातल्या बिजै भागातल्या एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. दोन खोल्या, एक बाथरूम आणि गच्चीकडे जाणारा जिना, एवढंच. मी रोज हेजमाडीहून सकाळची बस धरून मंगळुरात येते. उपग्रहानं काढलेली समुद्राची छायाचित्रं उतरवून घ्यायची, त्यांचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातल्या पाण्याचा रंग आणि ऊब तपासायची, आणि मासळी कुठे लागेल याचा अंदाज दुपारच्या आत मच्छीमारांच्या फोनवर पाठवायचा, हे आमचं काम. म्हणजे काम करतो तो पायथॉनमध्ये लिहिलेला एक प्रोग्रॅम. त्याच्या पोटात एक लूप आहे: चौकोन घे, तपास, बाजूला ठेव, पुढचा घे. असं हजारो वेळा.

मी इथे लागले तेव्हा तो प्रोग्रॅम मुका होता. सुरू केला की काळा पडदा. चालू आहे की मेलाय, काही कळायचं नाही. मग मी त्या लूपभोवती एक तयार साधन गुंडाळलं. एका शब्दाचं काम. तेव्हापासून पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जाते. शेजारी किती टक्के झालं, कुठला चौकोन चाललाय, एका चौकोनाला किती वेळ लागतोय आणि अजून किती बाकी आहे, ते दिसतं.

"वेळ तेवढाच लागतो," माझा सहकारी रॉयस्टन डिसोझा म्हणाला होता. "फक्त आता बघत बसायला काहीतरी मिळालं."

ते खरंच होतं. पण मला ती पट्टी आवडायची. त्या आठवड्यात तर फारच. कारण पट्टीकडे बघत असताना मला फोनकडे बघावं लागत नव्हतं.

जलंधरमामांची होडी वादळात परतली नव्हती. मामा आणि त्यांचे जोडीदार देजप्पा, दोघंच होते होडीवर. आमच्यात घर आईकडून चालतं आणि घराचा कर्ता मामा असतो. माझे वडील मला आठवतही नाहीत. मला सायकल मामांनी शिकवली, पोहायला मामांनी शिकवलं, आणि मी कॉम्प्युटर शिकणार म्हटल्यावर "समुद्रात नाही ना जात? मग काहीही शीक," असं म्हणून हसले होते तेही मामाच.

वादळ शमलं होतं. किनाऱ्यावरच्या बोटी आणि सरकारी जहाजं उत्तरेला शोधत होती, कारण मामांच्या होडीचा एक रिकामा डिझेलचा कॅन तिकडे सापडला होता. घरी अम्मा आणि मामी एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या होत्या. भांडण नव्हतं. दोघींनाही एकच वाक्य बोलायचं नव्हतं, एवढंच.

२

त्या दुपारी काम वेळेवर संपलं. पट्टी भरली, शंभर टक्के झाले, संदेश गेले. एरवी यानंतर खालच्या ओळीत कर्सर लुकलुकत उभा राहतो. त्या दिवशी तिथे आणखी एक ओळ उमटली.

तिच्यात पट्टी नव्हती. टक्के नव्हते. नुसता एक आकडा, त्याच्यामागे वेग, आणि पुढे एका चौकोनाचं नाव. मी बघत होते तेवढ्यात आकडा एकानं वाढला. मग थोड्या वेळानं आणखी एकानं.

अशी ओळ कधी येते ते मला ठाऊक होतं. एकूण काम किती आहे हेच प्रोग्रॅमला माहीत नसलं, तर ते साधन बिचारं काय करणार? किती झालं ते सांगतं. किती उरलं ते सांगत नाही.

पण माझ्या लूपला एकूण किती ते पक्कं माहीत होतं. आणि माझा लूप संपला होता.

"रॉय, जरा इकडे ये."

रॉयस्टन हातातली गोळीबज्यांची, म्हणजे गोल भज्यांची, पुडी घेऊनच आला. "काय केलंस?"

"काही नाही केलं. हे बघ."

त्यानं तेलकट बोटं शर्टाला पुसली आणि काय काय चालू आहे त्याची यादी काढली. आमचा प्रोग्रॅम यादीत नव्हता. "बंद आहे हा," तो म्हणाला. आकडा एकानं वाढला. "अय्यो मारायरे! बंद आहेस म्हटलं ना?"

त्यानं पडद्यावरची खिडकी बंद केली. नवी उघडली. रिकाम्या काळ्या पडद्यावर ती ओळ आली, हळूच, कुणीतरी दार लोटून आत यावं तशी.

"पडदा रंगवण्यातला घोटाळा असेल," मी म्हणाले.

"असेल."

आम्ही मशीन बंद केलं. रॉयस्टननं प्लगही उपटला. चहा पिऊन येऊ म्हणाला, आम्ही खाली जाऊन चहा पिऊन आलो. मग मशीन पुन्हा सुरू केलं.

ओळ होती. आणि आकडा जिथे सोडला होता तिथून सुरू झाला नव्हता. तो पुढे गेला होता. चहा प्यायला जितका वेळ लागला होता, साधारण तितका.

३

मी घाबरट नाही. मी कारणं शोधणारी बाई आहे. एखादं जुनं काम दुसऱ्याच मशीनवर चालू राहिलं असेल, त्याचं चित्र इथे उमटत असेल. मी इंटरनेटची वायर काढली. आकडा सरकत राहिला.

मग मी वेगाकडे बघायला लागले आणि तिथे मी पहिल्यांदा घाबरले.

यंत्राचा वेग कमीजास्त होतो, पण त्याची एक रीत असते. इथे तसं नव्हतं. काही वेळ आकडे झपाझप पडत. मग अंतर वाढत जाई. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग पुन्हा सुरुवात, आधीपेक्षा थोडी सावकाश. मी हे कुठेतरी पाहिलं होतं. विहिरीवर पाणी ओढणाऱ्या बाईचं असं होतं. डोंगर चढणाऱ्या माणसाचं होतं. यंत्र दमत नाही. हे जे काही होतं, ते दमत होतं.

"पाणी कुठे सांडतंय?" रॉयस्टननं विचारलं.

"कुठे?"

"ऐक ना."

मी पंखा बंद केला. खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, शेजारच्या टायपिंग क्लासमधून कुणीतरी हसलं. आणि मग, अगदी जवळून, पाणी फेकल्याचा आवाज आला. डबाभर पाणी कुणी बाहेर भिरकावावं, तसा.

पडद्यावर आकडा एकानं वाढला.

रॉयस्टन बाथरूममध्ये जाऊन आला. गच्चीवर जाऊन टाकी बघून आला. भर उन्हात गच्ची खडखडीत कोरडी होती. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता, पण तो म्हणाला, "टाकी भरलेली आहे. पाइपमध्ये हवा अडकली असेल."

पुन्हा आवाज आला. या वेळी त्याच्यामागे आणखी काहीतरी होतं. पत्रा लाकडावर खरवडल्यासारखं. आणि श्वास.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. ऐकलं असं एकानं कबूल केलं की दुसऱ्यालाही करावं लागलं असतं.

४

नंतर आकडा थांबला.

मी वाट पाहिली. एरवीच्या थांबण्यापेक्षा हे थांबणं लांबलं. खोली इतकी शांत झाली की रॉयस्टनच्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू यायला लागली. खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. चूक आपोआप दुरुस्त झाली, ओळ गोठली, आता घरी जाता येईल.

तसं वाटलं नाही. आमच्या खोलीतून कुणीतरी उठून जायला निघालंय आणि आपण त्याला थांबवायला हवं, असं वाटलं. मला ते नीट सांगता येत नाही.

"आणखी एक," मी म्हणाले.

रॉयस्टन चमकून माझ्याकडे बघायला लागला. मी पडद्याच्या जवळ तोंड नेलं. लाज वाटत होती.

"आणखी एक. एकच."

काही झालं नाही. आणि मग पत्रा खरवडला, पाणी पडलं, आणि आकडा हलला.

"परत म्हण," रॉयस्टन कुजबुजला.

"आणखी एक."

हलला.

"आणखी एक."

मी बोलायची, तो आकडा हलायचा. मी घाई केली तर तो घाई करत नव्हता. पण मी थांबले की तोही रेंगाळायचा. काही वेळानं मला रडू येतंय हे रॉयस्टननं मला सांगितलं. मला कळलंच नव्हतं.

"तुझे मामा," तो म्हणाला. त्यानं ते प्रश्न म्हणून विचारलं नाही.

"वेड्यासारखं बोलू नकोस."

"बरं. नाही बोलत. पण वारिजा, त्या ओळीत चौकोनाचं नाव आहे ना? तो चौकोन कुठे आहे?"

५

तो चौकोन दक्षिणेला होता. कासरगोडच्याही खाली, किनाऱ्यापासून दूर. सगळे शोधत होते त्याच्या बरोबर उलट्या दिशेला.

मी त्या दिवशीचं छायाचित्र काढून तो चौकोन मोठा केला. ढग. सकाळचं काढलं. पाणी, राखाडी, कोरं पाणी. होडीएवढी वस्तू आमच्या चित्रात दिसतही नाही, हे मला माहीत होतं. तरी मी बघत राहिले. रॉयस्टन माझ्या जागी बसून "आणखी एक, आणखी एक" म्हणत होता आणि मध्येच चुकून "आणखी दोन" म्हणून स्वतःलाच शिव्या देत होता.

भोजण्णांना फोन करायला मला धीर होईना. भोजण्णा म्हणजे धक्क्यावरच्या बोटमालकांचे पुढारी, मामांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांच्या दोन मोठ्या बोटी पहिल्या दिवसापासून शोधात होत्या आणि नुकत्याच डिझेल भरायला परतल्या होत्या. त्यांना काय सांगणार होते मी? बंद पडलेला प्रोग्रॅम आकडे मोजतोय म्हणून?

"खोटं सांग," रॉयस्टन म्हणाला. "चित्रात ठिपका दिसला म्हण."

मी फोन लावला.

"बोल गं," भोजण्णांचा आवाज बसला होता. "काही कळलं?"

"नाही. भोजण्णा, तुम्ही दक्षिणेला बघाल का? मी जागा सांगते."

"चित्रात दिसलं काही?"

माझ्या जिभेवर 'हो' आलं होतं. "नाही," मी म्हणाले. "चित्रात काही नाही. ढग आहेत. पण माझं मन तिथून हलत नाही. कारण विचारू नका, मला देता येणार नाही."

मागे इंजिनाचा आवाज येत होता, कुणीतरी बर्फाच्या पेट्या ओढत होतं.

"तुझी आई काय म्हणते?"

"तिला माहीत नाही."

"हं." मग ते म्हणाले, "कॅन वर सापडला खरा. पण कॅन वाऱ्यानं जातो. पाण्यानं भरलेली होडी वाऱ्यानं जात नाही, प्रवाहानं जाते. आणि पाणी अजून खालीच ओढतंय. हे मी कालही म्हणालो होतो, पण कॅन हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?" ते खोकले. "दे जागा. तुझ्यासाठी नाही जात हं. जलंध्याकडे माझं चांगलं जाळं आहे."

६

बोटी संध्याकाळी सुटल्या. तिथे पोचायला त्यांना दुसरा दिवस उजाडणार होता. मी घरी गेले नाही आणि रॉयस्टनही गेला नाही. आम्ही आळीपाळीनं बोलत राहिलो. त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं एवढंच की आकडा फार सावकाश झाला, पण थांबला नाही.

सकाळी अम्मा आली. शेजाऱ्यांच्या रिक्षातून, डब्यात नीर दोसे आणि नारळाची चटणी घेऊन. मी फोनवर सांगितलेली सबब तिला पटली नव्हती. ती दारात उभी राहिली. रॉयस्टन खुर्चीत झोपला होता, मी पडद्याला नाक लावून घोगऱ्या आवाजात तेच दोन शब्द म्हणत होते.

"काय चाललंय हे?"

मी तिला सांगणार होते. पण त्याआधीच तो आवाज आला. पत्रा, पाणी, आणि मागून एक लांब श्वास, शेवटी थोडासा शीळ वाजल्यासारखा.

अम्मानं डबा टेबलावर ठेवला. चप्पल काढली, देवघरात जाताना काढते तशी, आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"तू खाऊन घे," ती म्हणाली. "मी बोलते."

आणि ती बोलायला लागली. 'आणखी एक' असं माझ्यासारखं हळूच नाही. लहान भावाला दटावतात तसं. "हं, उचल. आणखी एक. पुरे काय? काही पुरे नाही. उचल म्हणते ना. झोपतोस काय, तुझ्या बायकोला मी काय सांगू? आणखी एक." आकडा हलत होता. काल दुपारनंतर पहिल्यांदाच थोडा लवकर हलत होता. मी दोसा हातात घेऊन बघत राहिले.

ऊन खिडकीतून टेबलावर आलं. टायपिंग क्लास सुरू झाला. आणि कधीतरी, अम्मा "आणखी" म्हणत असतानाच, आकडा थांबला.

"उचल," अम्मा म्हणाली.

काही नाही.

"जलंधरा. उचल रे."

मी म्हणाले. रॉयस्टन उठला आणि तोही म्हणाला. आम्ही तिघं त्या काळ्या पडद्यावर ओरडत होतो. पत्र्याचा आवाज नाही, पाणी नाही, श्वास नाही. ओळीच्या शेवटी वेग दाखवायची जागा होती, तिथे आता एक प्रश्नचिन्ह होतं. मग ती सगळी ओळच पुसली गेली. डावीकडून उजवीकडे, एकेक अक्षर. खाली कर्सर आला आणि लुकलुकत उभा राहिला, रोजच्यासारखा.

अम्मानं पदर तोंडात धरला. मी उठले, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून उभी राहिले. इतका वेळ आम्ही त्यांना राबवलं, असं मनात येत होतं. दमलेल्या माणसाला निजूही दिलं नाही.

फोन फार उशिरा वाजला. भोजण्णांच्या बोटीनं वायरलेसवरून धक्क्याला कळवलं होतं, धक्क्यावरून कुणीतरी मला फोन करत होतं आणि त्याच्यामागे एवढा गलका होता की मला 'जिवंत' एवढा एकच शब्द कळला. तो मी अम्माला सांगितला. ती उठली, रॉयस्टनच्या दोन्ही गालांना हात लावून कानशिलावर बोटं मोडली, आणि मग जमिनीवर बसून मोठ्यानं रडली.

७

होडी काठापर्यंत बुडालेली होती. देजप्पांचा हात मोडला होता, त्यांना तापाची ग्लानी होती आणि मामांनी त्यांना दोरानं फळीला बांधून ठेवलं होतं. मामा रंगाच्या एका गंजक्या डब्यानं पाणी उपसत होते. भोजण्णांनी डबा काढून घेतला तरी त्यांचा हात तसाच हलत राहिला, असं बोटीवरची माणसं सांगत होती.

हॉस्पिटलात मी त्यांना भेटले तेव्हा त्यांचे ओठ फुटलेले होते आणि हातांना बँडेज होतं. शेजारच्या खाटेवरून देजप्पा कुरकुरत होते, "ह्यानं मला बकऱ्यासारखं बांधून ठेवलं, कुणाला तरी सांगा." मामी हसत होती आणि डोळे पुसत होती. मग ती अम्माला घेऊन औषधं आणायला बाहेर गेली, आणि मामांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"मगा, पोरी," ते म्हणाले, "तू बोलत होतीस का?"

मी मान डोलावली.

"मला वाटलंच. तुझ्यामागे एक माणूस होता. कोंकणीसारखं बोलणारा. मध्येच दोन म्हणायचा. मी म्हटलं, अरे बाबा, एक होईना आणि हा दोन सांगतोय!" ते हसले आणि ओठ दुखला म्हणून थांबले. "मग गुलाबीअक्का आली, तुझी अम्मा. ती आल्यावर काय, थांबायची सोयच नाही."

"मामा, तुम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं?"

"तू आत्ता बोलतेस तसं."

मला तिथेच थांबायला हवं होतं. पण मी कारणं शोधणारी बाई आहे. "आणि मी बोलायला लागायच्या आधी?" मी विचारलं. "तेव्हाही तुम्ही उपसतच होतात ना? तेव्हा एकटेच होतात?"

मामा खिडकीकडे बघायला लागले. बाहेर नारळाच्या झावळ्या हलत होत्या. स्वच्छ दुपार होती.

"एकटा नव्हतो," ते म्हणाले. "तेव्हा दुसरं कुणीतरी मोजत होतं. होडीच्या खालून. शांतपणे, कंटाळा न करता. मी एक डबा फेकला की ते एक आकडा म्हणायचं." त्यांनी बँडेजचा हात माझ्या हातावर ठेवला. तो गरम होता. "पण ते उलटं मोजत होतं, मगा. उतरत उतरत. दहाच्या खाली आलं होतं. मग तीन म्हणालं. दोन म्हणालं. मी डबा खाली ठेवला. म्हटलं, आता काय करायचंय? आणि तेवढ्यात तू म्हणालीस."

अम्माबरोबर मामी औषधं घेऊन आली. तिनं त्यांना पेजेचे चार घोट पाजले, उशी सारखी केली. देजप्पा आधीच घोरायला लागले होते. मामांचेही डोळे मिटले.

मामीनं त्यांच्या छातीवर तळहात ठेवला, आणि अम्मानं तिच्या हातावर आपला. तो वर येत होता, खाली जात होता, पुन्हा वर येत होता. आम्ही तिघी बघत बसलो. कुणीच मोजलं नाही.